इसार देण्याआधी एक दिवस इंजिनिअरसाठी

नागपूरच्या मानेवाडा-बेसा रस्त्यावर सुटीच्या दिवशी घर बघायला निघालेली कुटुंबं लगेच ओळखू येतात. पुढे बाईकवर एजंट, मागे गाडीत आई-बाबा, मुलगा-सून आणि व्यवहार कळतो असा लौकिक असलेले एखादे मामा. दुपारच्या जेवणाआधी तीन-चार स्कीम बघून होतात. किचनची दिशा, देवघराची जागा, बाल्कनीसमोर पुढे काय येणार, पार्किंग कुठलं, दर कितीपर्यंत खाली येईल, सगळं विचारलं जातं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं हे बघणारा मात्र क्वचित सापडतो. जुनी स्प्लेंडर घ्यायची तर आपण ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो आणि त्यानं मान हलवली तरच पैसे मोजतो. चाळीस-पन्नास लाखांच्या फ्लॅटला मात्र मामा पुरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. घर घेताना निदान एक माणूस असा हवा, ज्याची फी तुम्ही देता आणि सौदा झाला काय, मोडला काय, ज्याला काही फरक पडत नाही. आणि तो इसार देण्याआधी यायला हवा, रजिस्ट्रीनंतर नव्हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘बँकेनं लोन सँक्शन केलंय ना, मग सगळं क्लिअर आहे.’ बँक दोन माणसं नेमते. पॅनलवरचा वकील मालकी हक्काचा मागचा इतिहास शोधतो. व्हॅल्युअर येतो, खोल्यांची मापं घेतो, चार फोटो काढतो आणि आजूबाजूच्या दरावरून किंमत काढतो. त्याचा प्रश्न एवढाच असतो की उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे निघतील का. बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतं का, हा त्याचा विषयच नाही. वकिलाचा सर्च रिपोर्टही सात-बाराकडे बघतो, स्लॅबकडे नाही.

दुसरं उत्तर म्हणजे रेरा नंबर. तो असलाच पाहिजे आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून वाचलंही पाहिजे. पण तो नंबर म्हणजे बांधकामाच्या दर्जाचा दाखला नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. घरं घेणाऱ्यांकडे नंबर होता, अनेकांकडे कर्जही होतं. शिवाय छोट्या स्कीमना नोंदणीची सक्तीच नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर कायदा सूट देतो. पंधराशे चौरस फुटांचे तीन प्लॉट एकत्र केले तरी जेमतेम ४१८ चौरस मीटर भरतात. बेसा-घोगली-पिपळा भागात दोन-तीन प्लॉट जोडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली स्कीम किती आहेत ते डोळ्यांनी बघा, म्हणजे ही सूट कुणाला लागू पडते ते कळेल.

बेसाच्या कागदांचा आणखी एक पेच आहे. हा भाग वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीत होता. पुढे महानगर क्षेत्राचं नियोजन आलं, २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) आलं आणि आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींच्या कागदांवर दोन वेगळ्या कार्यालयांचे शिक्के दिसू शकतात. नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, बांधकाम मंजुरी नव्हे. आरएल (रिलीज लेटर) म्हणजे प्लॉट नियमित झाला, त्यावरची इमारतही नियमित आहे असं नव्हे. गुंठेवारी, ५७२ ले-आऊट, १९०० ले-आऊट हे अनधिकृत प्लॉट नियमित करण्याच्या योजनांचे शब्द ऐकतच नागपूरकर मोठा होतो, म्हणूनच कदाचित ‘होईल नियमित, सगळ्यांचं होतं’ असं म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. ही सवय महागात पडते. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले. बँकांनी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासल्यावरच कर्ज द्यावं आणि वीज-पाण्याची जोडणीही त्यानंतरच मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. आज चालून गेलेला कागद तुम्ही विकायला काढाल तेव्हा चालेलच असं नाही.

इथे वकिलाबरोबर इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट लागतो. मंजूर नकाशा हातात घेऊन तो इमारतीभोवती फिरतो. नकाशात तीन मजले आणि समोर चार, नकाशात स्टिल्ट पार्किंग आणि समोर दोन दुकानं, नकाशात बाजूला सोडलेली जागा आणि समोर तिथेच बांधलेला जिना, हे त्याला अर्ध्या तासात दिसतं. वकील कार्यालयात बसून हे ओळखू शकत नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण बेसात घर घेताना सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिथेच आहे. कालपरवापर्यंत इथे काळ्या मातीची शेतं होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती घराखाली असते. पाया या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली, पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला नसेल, तर इमारत दर वर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल म्हणजे खाली फुगीर टोक असलेले खांब विकसित केले. खोल काळ्या मातीत त्यांची किमान लांबी साडेतीन मीटर धरतात, कारण ऋतूंचा परिणाम साधारण तिथपर्यंत पोचतो. बहुमजली इमारतीचा पाया मुरमात गेलेलाच असतो, असं बिल्डर सांगेल आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मुरूम किती खोलीवर लागतो हे दोन प्लॉट सोडून बदलतं, म्हणून माती परीक्षणाचा अहवाल मागा. डुप्लेक्स किंवा रो हाऊस घेत असाल तर तो मागितल्याशिवाय पुढे जाऊच नका. पाया वरवर ठेवण्याचा मोह तिथेच जास्त होतो.

अहवाल नसला तरी माती भिंतीवर लिहून ठेवते, फक्त वाचणारा हवा. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा साधारण निरुपद्रवी असतात. बीम आणि विटांची भिंत मिळते तिथे सरळ आडवी भेग गेली असेल, तर जोडावर जाळी न मारताच प्लास्टर केलंय, एवढंच बहुतेक वेळा निघतं. नागपुरात कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा सर्रास वापरतात. त्या कच्च्या लावल्या तर भिंत आकसूनही भेगा पडतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली भेग दिसली की इंजिनिअर थांबतो. ती तळमजल्यावर आहे की वर, आत आहे तशीच बाहेरही दिसते का, दार घासतं का, हे बघतो. शंका असेल तर भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितो. काही आठवड्यांनी काच तडकली असेल तर हालचाल अजून सुरू आहे. फरशीखालची भरती नीट ठोकून बसवली नसेल तर तळमजल्यावर भिंतीच्या कडेनं फरशी दबते आणि स्कर्टिंगखाली फट पडते. हे लपवायला सोफा पुरतो. म्हणून सामान हलवून बघायला लाजू नका.

काँक्रीटबद्दल विचारायचा एक साधा प्रश्न मी प्रत्येकाला सांगतो: स्लॅब कोणत्या महिन्यात टाकला? आयएस ४५६ हे भारतीय मानक उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगतं, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत जायची शिफारस करतं. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा पंचेचाळिसाकडे जातो, त्याच दिवसांत बोअर आटतात आणि टँकरचे पैसे लागतात. मिस्त्री ज्याला तराई म्हणतात, ते पाणी मारण्याचं काम पहिल्यांदा तिथेच कापलं जातं. सुपरवायझरला रोजचं पाणी कुठून यायचं हे विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर तपासणीची व्याप्ती वाढवा.

म्हणजे काय करायचं? नव्या इमारतीत बिल्डरकडून काँक्रीट क्यूबच्या चाचण्यांचे अहवाल मागायचे. दहा-पंधरा वर्षं जुनी इमारत असेल आणि वरच्या मजल्यावर किंवा पार्किंगच्या छताला पोपडे, गंजाचे तपकिरी ओघळ दिसत असतील, तर न मोडता होणाऱ्या चाचण्या करायच्या. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. अल्ट्रासोनिक यंत्र आतल्या पोकळ्यांचा अंदाज देतं. कव्हर मीटरनं सळई किती आत आहे ते कळतं. खांबात ती साधारण ४० मिलिमीटर आत असायला हवी, स्लॅबमध्ये २०. सगळ्यात डोळ्यांत भरणारी चाचणी सगळ्यात स्वस्त आहे. काँक्रीटचा ताजा खरवडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतात. निरोगी काँक्रीट लगेच गर्द गुलाबी होतं. ज्या भागात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून आतला क्षार संपला आहे, तो रंग न बदलता तसाच राहतो. हा रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर गंज सुरू व्हायला फक्त ओलावा हवा. एका चाचणीवरून निकाल लावणाऱ्या माणसावर मात्र विश्वास ठेवू नका. हॅमर दोनदा मारून ‘एकदम स्ट्राँग आहे’ म्हणणारेही भेटतात.

इमारत नवी आहे म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती.

ओल ओळखणं नागपुरात जरा अवघड आहे, आणि त्याचं कारण कूलर. खिडकीखालच्या भिंतीवर कूलरच्या पाण्याचे डाग जवळजवळ घरोघर असतात. ते उन्हाळ्यात वाढतात आणि दिवाळीपर्यंत सुकतात. त्यांची काळजी नको. गच्चीतून येणारी ओल जुलै ते सप्टेंबरात छताच्या मध्यावर किंवा कोपऱ्यात दिसते. पाइपची ओल बारा महिने असते, बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर, बहुतेकदा कपाटाच्या मागे. तिन्हींवर एकच पांढरा पुट्टीचा हात फिरवला की ग्राहकाला सारखंच दिसतं. इंजिनिअर ओलावा मोजायचं छोटं यंत्र आधी एका कोरड्या भिंतीला लावतो, मग संशयित भिंतीला, आणि आकड्यांतला फरक बघतो. फरशीवर नाण्यानं टकटक करतो. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट भरलेलं नाही. बाथरूमची नहाणी बंद करून पाणी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघतो. यासाठी खालच्या शेजाऱ्याची परवानगी लागते. तो जे सांगतो ते यंत्रापेक्षाही कधीकधी उपयोगी पडतं. शक्य असेल तर घर एकदा भर पावसात आणि एकदा मेमध्ये बघा. फक्त जानेवारीत बघून घर घेणं म्हणजे बेसाचं घर न बघताच घेणं.

पाण्याचं विचारताना ‘पाण्याची सोय आहे’ हे उत्तर मान्य करू नका. नळ कुठल्या योजनेचा, किती वेळ, बोअर किती, मेमध्ये टँकर किती लागले, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत का, हे आधीपासून राहणाऱ्यांना विचारा. बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं आयएस १०५०० म्हणतं. पाणी जड असेल तर गीझर, शॉवर, पाइप सगळं लवकर जातं. आणि सांडपाणी? ज्या ले-आऊटला गटारलाइन नाही तिथे सेप्टिक टँकचं पाणी कुठं सोडलंय ते प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सोडलं असेल तर तो प्लॉटवाला बांधायला आला की तुमचा संडास तुंबणार.

वर बघायलाही विसरू नका. २०१७ मध्ये उत्तर नागपुरातल्या एका टाउनशिपमध्ये घराजवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीमुळे जुळ्या भावांचा जीव गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि शहरातल्या किती इमारती तारांना खेटून आहेत हा प्रश्न ऐरणीवर आला. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं, ३३ केव्हीला २ मीटर, आणि त्यापुढे वाढत जातं. वाढवलेली बाल्कनी हे अंतर खाऊन टाकते. घरातल्या वायरिंगसाठी वायरमन पुरे: अर्थिंगचा रोध मोजून घ्या आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का ते बघून त्याचं टेस्ट बटण स्वतः दाबा. कूलर आणि ओले हात असलेल्या आपल्या घरांत ही गोष्ट चैनीची नाही.

हे सगळं करणारा माणूस कुठून आणायचा? अमेरिकेत टेक्सास वगैरे राज्यांत घर तपासणाऱ्यांना परवाना लागतो, इंग्लंडात चार्टर्ड सर्व्हेअरचा ठराविक साच्याचा अहवाल मिळतो. न्यू जर्सीत घर घेतलेल्या तुमच्या भाच्याला विचारा, त्यानं इन्स्पेक्शन केलंच असेल. तोच भाचा आई-बाबांसाठी बेसात फ्लॅट घेताना व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर समाधान मानतो, हे मला गमतीचं वाटतं. आपल्याकडे ‘होम इन्स्पेक्टर’ नावाचा वेगळा परवाना नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून पाटीकडे न बघता पात्रता बघा: स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला, नियोजन प्राधिकरणाकडे नोंदलेला सिव्हिल इंजिनिअर, किंवा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी असलेला आर्किटेक्ट. इमारत जुनी आणि प्रश्न गंभीर असेल तर व्हीएनआयटीच्या सिव्हिल विभागाकडेही चौकशी करता येते, पण तो खर्च सोसायटीनं मिळून करायचा. एकट्या फ्लॅटची नुसत्या डोळ्यांनी तपासणी करायची फी काही हजारांत बसते. पन्नास लाखांवर एजंटचं कमिशन एक टक्का धरलं तरी पन्नास हजार होतं, आणि ते आपण कुरकुरत का होईना देतोच. त्या एजंटनं किंवा बिल्डरनं सुचवलेला इंजिनिअर मात्र घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. अहवाल लेखी, फोटोंसह आणि सहीचा मागा. दुरुस्तीला अंदाजे किती खर्च येईल हा रकाना त्यात असायलाच हवा, कारण भाव कमी करताना तोच कामाला येतो.

कायद्याचं थोडं. रिसेलमध्ये मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला त्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगावा लागतो. पण साधारण काळजी घेतली असती तर जो तुम्हालाही दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. नव्या घराच्या बाबतीत रेराचं कलम १४ ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष तीस दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायला बिल्डरला बांधतं. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ‘अलॉटी’च्या व्याख्येत पुढचा खरेदीदारही येतो. तीन वर्षं जुना फ्लॅट रिसेलमध्ये घेतलात तर उरलेली दोन वर्षं तुमची. म्हणून पहिल्या मालकाच्या कबजापत्राची प्रत मागून घ्या, तारीख त्यावरच असते. आणि पाचवं वर्ष संपायच्या आत एकदा इंजिनिअरला पुन्हा बोलवा.

बुक केलेलं घर अजून बांधलं जात असेल तर रेराप्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. काही टप्प्यांवर तुमचा इंजिनिअर साइटवर येईल, हे करारातच लिहून घ्या: पाया भरण्याआधी, स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवण्याआधी. फरशी बसल्यावर खाली काय केलंय ते कुणालाच दिसत नाही.

तयार घराच्या इसारपावतीत एक वाक्य टाका: खरेदीदाराच्या इंजिनिअरची तपासणी समाधानकारक न झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. वकिलाकडून ते नीट शब्दांत बसवून घ्या. बरेच विकणारे थोडी कुरबुर करून मान्य करतात. जो तपासणीच करू देत नाही, ‘घ्यायचं तर घ्या, रांग लागलीय’ म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडा. बेसात विकायला काढलेल्या फ्लॅटची कमी नाही.